रावसाहेबांचा शमशेर आणि जामसरची कमू

टिपणीस रावसाहेबांना कुत्रा हवा झाला, तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन वर्षं होती. ‘रावसाहेब’ ही पदवी त्यांना कुणी दिलेली नव्हती. ती त्यांनी स्वतःच घेतली होती आणि नोकरांकडून घोकवून घेतली होती. जव्हार संस्थानातल्या रानातला साग तोडायचा ठेका त्यांच्याकडे होता, आणि माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, त्यांच्या पदरी कारकून होते. मी सांगतो आहे त्यातलं बरंचसं दादांनी सांगितलेलं आहे, उरलेलं कमूच्या लेकीनं, चैतीनं. दादा ही हकिकत सांगताना स्वतःला जरा आडोशाला ठेवत. मी ठेवणार नाही.

झालं असं, की जव्हारास शिकारीला आलेल्या एका गोऱ्या पाहुण्याबरोबर एक मॅस्टिफ कुत्रा होता. डोकं घमेल्याएवढं, छाती रेड्यासारखी, ओठ खाली लोंबणारे. तो बाजारातून चालला की माणसं भिंतीला चिकटून उभी राहत. रावसाहेबांनी हे पाहिलं आणि त्यांना वाटलं, लोक वाट देतात ती मालकाला देतात. घरी येऊन त्यांनी मुंबईहून कुत्र्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मागवलं. चित्रं सगळी पाहिली, मजकूर पाचसहा पानं वाचला, आणि त्यानंतर जव्हारात कुत्र्यांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्या एकट्याला आहे असं ते धरून चालू लागले.

इगतपुरीला रेल्वेच्या एका गोऱ्या अंमलदाराकडे त्या जातीची मादी व्यायली आहे, अशी खबर आली. पिल्लं दोन महिन्यांची होत आली होती. मोखाडा, खोडाळा करत बैलगाडीनं जायचं म्हणजे वाटेत तीन मुक्काम. येताना पिल्लाला दूध पाजायचं कशाचं, हा प्रश्न आला. दादांनी सुचवलं, की जामसरची कमू आणि तिची दुभती शेळी दोघींना गाडीत घालून नेऊ. दादांनी आयुष्यात रावसाहेबांना दिलेला हा एकच उपयोगी सल्ला.

कमू कोकणा जमातीतली, चाळिशीला आलेली, नवरा गेलेला. भाताचं एक खाचर, वरकस माळावर थोडी नागली, आणि पंधरावीस शेळ्या. आई मेलेली करडं, पाय मोडलेली वासरं, कुणी रानात सोडून दिलेली कुत्र्याची पिल्लं, सगळं तिच्या झोपडीत येऊन जगत असे. एवढ्यावरून कुणाला ती माऊली वगैरे वाटेल, तर तसं काही नव्हतं. ती सकाळी उठल्यापासून शिव्या देत असे. शेळ्यांना, कोंबड्यांना, शेजाऱ्यांना, आभाळाला. आणि तिच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच. पाड्यावरच्या पोराला तू, तसंच ठेकेदारालाही तू.

“कुत्रं आणायला इगतपुरी?” तिनं रावसाहेबांना तोंडावर विचारलं. “वाटेत मोखाड्यापर्यंत शंभर कुत्री भेटतील. तुला चावायला तीच बरी नाय?”

दादा हसले. मग रावसाहेब हसत नाहीत हे पाहून थांबले.

इगतपुरीच्या बंगल्यात मागच्या ओसरीवर सात पिल्लं होती. मडम वेताच्या खुर्चीवर बसली होती आणि तिचा गोवेकर बटलर दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होता. रावसाहेबांनी पुस्तक काखेत धरून पिल्लांची पाहणी सुरू केली. पंजे मोजले. जबडे उघडले. एकेकाला मानेला धरून उचललं. सगळ्यांत मोठा नर गुरगुरला, दुसऱ्या पिल्लाच्या पाठीवर चढला आणि त्याचा कान धरून ओढू लागला. रावसाहेबांचा चेहरा उजळला.

“याला म्हणतात जात!” ते म्हणाले.

कमू पिल्लांकडे गेलीच नाही. ती आधी त्यांच्या आईपाशी गेली, हातभर अंतर ठेवून उकिडवी बसली आणि तिच्याशी काहीबाही बोलत राहिली. कुत्रीनं तिचा हात हुंगला, मग मान खाली टाकली. तेव्हा कुठं कमूनं पिल्लांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि अचानक हातातला पितळी तांब्या फरशीवर सोडून दिला.

केवढा आवाज झाला. पिल्लं उधळली. चार आईच्या पोटाखाली, एक खुर्चीखाली. मोठा नर घाबरून वाटेत आलेल्या भावाला चावला. एक मादी मात्र दोन पावलं मागं सरली, थांबली, आणि शेपटी खाली धरून पुढं आली. तांब्या हुंगला. मग कमूचे पाय हुंगले. कमूनं तिला उताणी करून पोटावर हात ठेवला, तर क्षणभर धडपडली आणि निवांत पडून राहिली.

“ही घे,” कमू म्हणाली.

“मादी?” रावसाहेब म्हणाले. “आणि सात पिल्लांत ही मधलीच. ना मोठी, ना रागीट. मला दारात बांधायला जनावर पाहिजे, पाळण्यात घालायला नको.”

“तो मोठा भित्रा हाय. भितो म्हणून चावतो. वाईट नाय तो, पण त्याला थंड हाताचा माणूस पायजे. तुझा हात गरम.”

बटलरनं हे सगळं मडमेला सांगितलं असावं, कारण ती एकदम ताठ बसली आणि काहीतरी बोलली. बटलर म्हणाला, “मॅडम म्हणतात, ही मादी त्यांनी स्वतःसाठी ठेवली आहे. बाईनं बरोबर तीच निवडली.”

कुणाही माणसानं यावर थोडा विचार केला असता. रावसाहेबांनी पुस्तक दुसऱ्या काखेत घेतलं आणि मोठा नर उचलून गाडीत ठेवला. नाव वाटेतच ठेवलं, शमशेर. कमूनं खोडाळ्याला पोचेपर्यंत त्याला गोऱ्ह्या म्हणायला सुरुवात केली होती आणि तो त्याच नावाला मान वर करत होता.

पिल्लू वाढवायला कमूलाच ठेवून घेतलं. ती रावसाहेबांच्या जव्हारच्या बंगल्याच्या मागच्या पडवीत राहू लागली, आठवड्यातून एकदा जामसरला जाऊन लेकीला आणि शेळ्यांना पाहून येई. तिची रीत साधी होती. भाताच्या पेंढ्याचा जाड बिछाना, कारण एवढ्या वजनाचं जनावर कठीण जमिनीवर बसलं की कोपरं सोलवटतात. दूध, नागलीची आंबील, भात, थोडं मटण, दिवसातून चार वेळा, पण पोट टम्म होईपर्यंत नाही. रोज कानामागचे आणि बोटांमधले गोचीड काढायचे. पायऱ्या चढू द्यायच्या नाहीत, उड्या मारू द्यायच्या नाहीत. बाजाराच्या दिवशी टोपलीत घालून, आणि टोपलीत मावेना तेव्हा दोरीला धरून, ती त्याला बाजारात नेऊन बसवत असे. ढोल, बैल, लोहाराचा घण, माणसांची ये-जा, सगळं त्यानं पाहावं, ऐकावं आणि कंटाळून झोपावं, एवढीच तिची शिकवण. तो झोपला की ती म्हणे, “निजला मुडदा. आता शहाणा होईल.”

महिन्याला ओळखू येऊ नये इतकं ते पिल्लू वाढत होतं. आणि ते दिसण्यासारखं झालं, तशी रावसाहेबांना त्यात गोडी वाटू लागली. तिथून बिघडलं.

त्यांनी अंडी, तूप आणि दोन्ही वेळ पोटभर मटण सुरू केलं. पाहुणे आले की शमशेरला माडीवर बोलवायचं, म्हणजे तो जिना धडधडत चढेल आणि पाहुणे दचकतील. पाचव्या महिन्यात त्यांनी त्याला घोडागाडीच्या मागं बांधून पळवायला काढलं. चौथ्या दिवशी तो मागचा डावा पाय उचलून चालू लागला. कमू गाडीसमोर आडवी उभी राहिली.

“ह्याची हाडं अजून कोवळ्या वास्त्यासारखी हायेत, रावसाहेब. अंग वाढलंय, हाड नाय. पळवशील तर मोडशील.”

वास्ता म्हणजे बांबूचा कोंब, जो आपल्याकडे पावसाळ्यात भाजीला चिरतात. रावसाहेबांना ते ठाऊक होतं, पण ते म्हणाले, “तू शेळ्या राख. कुत्र्यांवरचं पुस्तक मी वाचलंय.”

“मग पुस्तकालाच बांध गाडीला.”

जवळ उभ्या असलेल्या गडीमाणसांना हसू आवरेना. दादा तेव्हाही हजर होते. ते त्या दिवशी हसले नाहीत, आणि कमूची बाजूही घेतली नाही. त्यांना दाढदुखी होती, असं ते मला सांगत.

रावसाहेबांनी तिला तिथंच घालवून दिलं. त्याच आठवड्यात मुंबईहून पट्टा आला होता, जाड कातड्याचा, वर चांदीची पट्टी आणि तिच्यावर शमशेरचं आणि त्याहून मोठ्या अक्षरांत रावसाहेबांचं नाव. मान भरदार दिसावी म्हणून तो घट्ट आवळला होता. जाता जाता कमूनं पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं. जेमतेम एक गेलं.

“दोन बोटं गेली पायजेत,” ती जिवाला म्हणाली. जिवा हा बंगल्यावरचा गडी, तिशीचा, अंगानं आडवा आणि मनानं मऊ. “पंधरा दिवसांनी सैल कर. मग परत पंधरा दिवसांनी. हे जनावर रोज वाढतंय.”

जिवानं मान हलवली. पण त्याच्याकडे दुसरंच काम आलं. कुत्रा रागीट व्हावा म्हणून रावसाहेबांनी त्याला मागच्या अंगणात आंब्याला साखळीनं बांधायला लावलं, आणि जिवानं रोज गोणपाट अंगावर घेऊन, काठीनं डिवचून, त्याला चिडवायचं असा हुकूम झाला. पुस्तकात असं होतं की नाही ते कुणी पाहिलं नाही. दोन महिन्यांत शमशेर जिवालाच काय, कुणालाच जवळ येऊ देईना. ताटली लांबून काठीनं सरकवत. पट्टा सैल करायचा तर हात गळ्यापाशी न्यायला हवा, आणि तेवढी छाती कुणाचीच नव्हती. रावसाहेब मात्र खूश होते. माडीच्या खिडकीतून पाहुण्यांना ते उड्या घेणारं, फेस गाळणारं जनावर दाखवत आणि सांगत, की वर्षाचा झाला की हा बिबट्या धरील.

दहाव्या महिन्यात शमशेरनं खाणं सोडलं. नजर गढुळली, मान वाकडी झाली, लाळ थांबेना, आणि अंगणात कुजका वास सुटला. रावसाहेबांनी खिडकीतूनच निदान केलं, पिसाळला. ठेक्याच्या कामाला त्यांना ठाण्यास जायचं होतं. बंदूकवाल्याला निरोप धाडा, चार दिवसांत येईल, तोवर कुणी जवळ जाऊ नका, असं सांगून ते निघून गेले. ज्या जनावरासाठी तीन मुक्कामांचा प्रवास केला, त्याला मारताना पाहण्याचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

जिवा त्याच दुपारी चालत जामसरला गेला. कमू खाचराच्या बांधावर गवत कापत होती. त्यानं सगळं सांगितलं, काठीचंही सांगितलं, आणि रडला.

“आता रडतो,” कमू म्हणाली. “काठी धरली तवा हात दुसऱ्याचा होता काय? जा. मला काय त्याचं? मी शेळ्या राखते.”

जिवा परत फिरला. तो ओढा ओलांडतो न ओलांडतो तोच मागून खुरांचा आवाज आला. कमू शेळीची दोरी धरून येत होती, आणि त्याला शिव्या देत होती.

अंगणात येऊन तिनं शमशेरकडे पाहिलं. तो उठला, साखळी ताणून भुंकला, पण आवाज घशातच अडकला. कमू त्याच्या पल्ल्याबाहेर जमिनीवर बसली, त्याच्याकडे पाठ करून. तिनं शेळीचं दूध काढलं, आंबील प्यायली, आणि बोलत राहिली. मोठ्यानं नाही, तोंडातल्या तोंडात. “काय रे गोऱ्ह्या, मेल्या, एवढा वाढलास अन् अक्कल नाय आली. सांगितलं होतं त्या गाढवाला, ऐकतो कोण.” असं दिवसभर. दुसऱ्या दिवशीही तसंच, फक्त वीतभर जवळ सरकून. दादा कचेरीच्या दारातून पाहत होते. ते म्हणत, की एवढ्या शिव्या इतक्या शांत आवाजात त्यांनी कधी ऐकल्या नव्हत्या. पुढं होऊन तिला पाणी विचारावं असं मात्र त्यांना सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर त्या जनावरानं पुढं येऊन आपलं डोकं मागून तिच्या खांद्यावर टाकलं. कमू हलली नाही. बऱ्याच वेळानं तिनं हात मागं नेऊन त्याच्या मानेच्या केसांत घातला आणि तिची बोटं ओली झाली. पट्टा दिसतच नव्हता. तो मांसात गेला होता, वरून कातडी सुजून त्याच्यावर आली होती. चांदीची पट्टी तेवढी एका जागी उघडी होती. रावसाहेबांचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

तिनं जिवाला हाक मारली. कडुलिंबाचं पाणी, हळद आणि तिचा विळा. विळ्याचं टोक पट्ट्याखाली घालून कापायला लागल्यावर कुत्र्यानं तिचा डावा हात तोंडात धरला. दात आत गेले. कमू म्हणाली, “धर. धरून ठेव.” आणि हात ओढला नाही. ओढला असता तर हात गेला असता. उजव्या हातानं ती कापत राहिली. कातडं तुटलं तेव्हा त्यानं तिचा हात सोडला आणि कमूच्या मांडीवर आडवा झाला. डाव्या हाताची दोन बोटं तिला पुढं कधीच नीट मिटता आली नाहीत.

पिसाळलेला नव्हता तो. गळा आवळला गेला होता. हे ओळखायला तीन दिवस जवळ बसावं लागतं, आणि बंगल्यावरच्या अकरा माणसांत एवढा वेळ कुणाकडे नव्हता.

बंदूकवाला आला, त्यानं पाहिलं आणि परत गेला. दोन दिवसांनी रावसाहेब ठाण्याहून परतले. आंब्याखाली कमू जखम धूत बसली होती, तिच्या स्वतःच्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं, आणि बाजूला पट्ट्याचे दोन तुकडे पडले होते. रावसाहेबांचा पहिला प्रश्न असा:

“पट्टा कुणी कापला?”

दादांची गोष्ट एरवी इथं थांबे, कारण या प्रश्नानंतर त्यांना स्वतःलाच पुढं सांगवत नसे. पण पुढं बरंच झालं.

कमू त्याला महिनाभरासाठी जामसरला घेऊन गेली. रावसाहेबांनी जाऊ दिलं, कारण जखमी कुत्रा दाखवण्यासारखा नव्हता. मात्र दसऱ्याला तो परत हवा, अशी अट घातली. दसऱ्याला जव्हारात दरबाराची मिरवणूक निघते, साऱ्या पाड्यांवरून माणसं येतात, आणि रावसाहेबांनी बिबट्याची बढाई इतक्या ठिकाणी मारून ठेवली होती, की आता कुत्रा दाखवणं भाग होतं.

दसऱ्याला कमू त्याला घेऊन आली. गळ्यात काहीच नव्हतं, छातीभोवती सुती दोर होता. तो डाव्या मागच्या पायानं किंचित लंगडत होता, पण अंग भरलं होतं आणि केसांना चमक आली होती. रावसाहेब जरीचा फेटा बांधून रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि दोर स्वतःच्या हातात घेतला. “मागं व्हा!” ते ओरडले. “जवळ येऊ नका, फाडून काढील!”

लोक घाबरून मागं सरले. ढोल वाजू लागले, तारपे घुमू लागले, माणसं नाचत पुढं आली. शमशेरनं चहूकडे पाहिलं. एवढी गर्दी आणि एवढा आवाज झाला की काय करायचं, हे त्याला लहानपणी शिकवलेलं होतं. तो खाली बसला, पाय पसरले, जबडा धुळीत टेकला आणि झोपी गेला. घोरूही लागला.

“रावसाहेब, वाघ निजला!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

रावसाहेबांनी दोर ओढला. मग बुटाच्या टोकानं ढोसलं. कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि पोट खाजवून घ्यायला उताणा झाला. पाय चारही आभाळात. आता हसू थांबवणं कुणाच्याच हाती राहिलं नाही. नाचणारे त्याला वळसा घालून नाचू लागले. एका म्हाताऱ्यानं खरोखरच वाकून त्याचं पोट खाजवलं. रावसाहेबांनी दोर फेकला, “घेऊन जा ही गाय!” असं कमूवर ओरडले आणि घरी निघून गेले. चार माणसांसमोर बोललेला शब्द, तो त्यांना पुढं मागं घेता आला नाही.

पुढची सात वर्षं तो जामसरला शेळ्यांत राहिला. त्यानं बिबट्या धरला नाही, कुणालाच धरलं नाही. पण त्या पाड्यावरून बिबट्यानं शेळी नेल्याचंही त्या वर्षांत कुणाला आठवत नाही. करडं त्याच्या पाठीवर चढून झोपत. ठाण्याला मात्र टिपणीस रावसाहेब शेवटपर्यंत सांगत होते, की माझ्या शमशेरनं दोन बिबटे मारले.

कमूचं नाव आसपास झालं. मोखाड्याकडून, खोडाळ्याकडून माणसं पिल्लू निवडायला तिला बोलवायला येत. ती आधी माणसाकडे पाही, त्याचे हात पाही, घरी कोण असतं ते विचारी, आणि बहुतेकांना शिव्या घालून परत लावी. वाडा गावचा एक पैसेवाला दोन पिल्लं घेऊनच आला आणि यातलं कुठलं ठेवू, असं विचारू लागला. ती म्हणाली, “दोन्ही हितं ठेव, अन् तू जा.” तो खरंच ठेवून गेला.

दुखऱ्या बोटांमुळं तिला आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, रोपं धरता येत नसत. ते काम चैतीकडे आलं. कमू बांधावर बसून रोपं वाकडी लावली म्हणून तिला बोलत राही. ती गेली त्या वर्षी मी जव्हारच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. दादा तिच्या मातीला गेले नाहीत. पाऊस फार होता, असं म्हणाले. मी गेलो. जिवा माझ्या आधी पोचला होता, साठीच्या पुढं गेलेला, आणि शेळ्यांना पाला घालत होता.